विश्लेषण : बीड शहराएवढा कुरासाओ फुटबॉल विश्वचषकात, मग भारताचे गणित कुठे चुकते?

१८ नोव्हेंबर २०२५ला फुटबॉलचे दोन सामने झाले. ढाक्यात भारत बांगलादेशकडून ०-१ असा हरला. बांगलादेशने भारताला हरवण्याची ही २२ वर्षांतली पहिलीच वेळ. त्यानंतर काही तासांनी जमैकाची राजधानी किंग्स्टन इथे कुरासाओ नावाच्या देशाने यजमानांना ०-० असे रोखले आणि २०२६च्या विश्वचषकाचे तिकीट मिळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी मोबाइलवर एकच ओळ फिरत होती : 'विश्वचषकाला पात्र ठरलेला आजवरचा सर्वात छोटा देश, लोकसंख्या फक्त दीड लाख'. त्याखाली भारताच्या १४० कोटींवरचे विनोद. आकडा खरा आहे. पण त्यावरून आपण काढतो तो निष्कर्ष बरोबर आहे का? बीडचे उदाहरण घेऊन हे गणित तपासू.

कुरासाओ म्हणजे नेमका केवढा?

व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यापासून साधारण ६५ किलोमीटरवर असलेले हे कॅरेबियन बेट. क्षेत्रफळ ४४४ चौरस किलोमीटर. बीड जिल्ह्याचे क्षेत्रफळ १०,६९३ चौरस किलोमीटर आणि तालुके ११. म्हणजे आपला सरासरी तालुका ९७० चौरस किलोमीटरचा. अख्खा कुरासाओ देश त्याच्या निम्म्यातही सहज मावतो.

लोकसंख्या साधारण १ लाख ५६ हजार. २०११च्या जनगणनेत बीड शहराची लोकसंख्या होती १ लाख ४६ हजार ७०९. त्याला आता बरीच वर्षे झाली, तेव्हा आजचे बीड शहर या देशापेक्षा मोठेच असणार. बार्शी नाक्यापासून जालना रोडपर्यंतच्या गर्दीतून ११ जण निवडायचे आणि जर्मनीसमोर उभे करायचे, असे हे प्रकरण वरवर दिसते. (जर्मनी हे नाव उगाच घेतलेले नाही. ५ डिसेंबरला निघालेल्या ड्रॉमध्ये कुरासाओच्या गटात जर्मनी, इक्वेडोर आणि आयव्हरी कोस्ट आले आहेत.)

याआधीचा विक्रम आइसलँडचा होता. २०१८च्या विश्वचषकात साडेतीन लाख लोकसंख्येच्या या देशाने पहिल्याच सामन्यात अर्जेंटिनाला १-१ असे रोखले आणि त्यांच्या गोलकीपरने मेस्सीची पेनल्टी अडवली. तेव्हा आम्ही इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलवर एका लॅपटॉपसमोर १५ जण बसून तो सामना पाहत होतो. मेस्सीचे चाहते असूनही टाळ्या वाजल्या होत्या.

पात्रता मिळाली कशी?

नशिबाने नाही, हे आधी सांगायला हवे. पात्रता फेरीत कुरासाओ १० सामने खेळला, सात जिंकला, तीन बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. शेवटच्या गटात कुरासाओचे १२ गुण, जमैकाचे ११. किंग्स्टनच्या सामन्यात जमैकाचे फटके तीनदा गोलखांबाला लागून परत आले. भरपाई वेळेत जमैकाला पेनल्टीही मिळाली होती, पण व्हिडिओ पाहून पंचांनी ती रद्द केली. कुरासाओचे तेव्हाचे प्रशिक्षक डिक ॲडव्होकाट ७८ वर्षांचे होते. कौटुंबिक कारणामुळे ते त्या दिवशी मैदानावर नव्हते, नेदरलँड्समध्ये होते.

पण या आकड्याखाली बारीक अक्षरातली एक ओळ आहे. १९९८ ते २०२२ या काळात विश्वचषकात ३२ संघ असत, आता ४८ असतील. शिवाय अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा हे त्या भागातले तीन बलाढ्य संघ यजमान असल्याने थेट स्पर्धेत आहेत, पात्रता फेरीत ते नव्हतेच. तीन पैलवान आधीच पाहुण्यांच्या खुर्चीत बसल्यावर फड मोकळा झाला. कुरासाओबरोबर हैतीही १९७४ नंतर पहिल्यांदा पात्र ठरला तो असाच.

आशियालाही ही सवलत मिळालीच होती. आपल्या खंडाला आता आठ थेट जागा आहेत. उझबेकिस्तान आणि जॉर्डन पहिल्यांदा पोहोचले. भारत मात्र दुसऱ्या फेरीतच संपला. जून २०२४ मध्ये कोलकात्यात कुवेतशी ०-० आणि दोहात कतारकडून १-२. कतारचा पहिला गोल होण्याआधी चेंडू रेषेबाहेर गेला होता, त्यावर बराच वाद झाला. तो वाद खरा असला तरी कुवेतला घरच्या मैदानावर एक गोल मारता आला नाही, हेही तितकेच खरे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मडगावच्या फातोर्डा मैदानावर सिंगापूरने २-१ असे हरवले आणि २०२७च्या आशियाई चषकाचे दारही बंद झाले. ढाक्यानंतर भारताचा जागतिक क्रमांक १४२ झाला. कुरासाओ तेव्हा ८२वर होता.

'सर्वात छोटा देश' हे अर्धसत्य का?

पात्रता मिळवणाऱ्या संघाची यादी काढा आणि समोर प्रत्येकाचे जन्मगाव लिहा. कुरासाओत जन्मलेला खेळाडू त्यात एकच सापडतो, ताहिथ चाँग. तोही कोवळ्या वयात नेदरलँड्समधल्या फायनूर्ड क्लबच्या अकादमीत गेला आणि तिथून मँचेस्टर युनायटेडला. बाकीचे सगळे नेदरलँड्समध्ये जन्मलेले.

कुरासाओ हा आजही डच राजवटीचा भाग आहे. २०१० मध्ये त्याला स्वतंत्र कारभार मिळाला, पण नागरिकांचा पासपोर्ट डचच. कामासाठी, शिक्षणासाठी हजारो कुटुंबे नेदरलँड्सला गेली. त्यांची मुले तिथल्या क्लबांत सहा-सात वर्षांची असल्यापासून खेळली. दर आठवड्याला सामना, प्रशिक्षित कोच, नीट आखलेले मैदान. ज्यांना डच राष्ट्रीय संघात जागा मिळण्याची शक्यता नव्हती, त्यांना आजी-आजोबांच्या बेटाने बोलावले. फिफाचा नियम असा, की नागरिकत्व हवे आणि खेळाडू, त्याचे आई-वडील किंवा आजी-आजोबा यांपैकी कोणीतरी त्या देशात जन्मलेले हवे.

म्हणजे हा संघ दीड लाख लोकांनी घडवलेला नाही. पावणेदोन कोटींहून अधिक लोकसंख्येच्या आणि जगातल्या उत्तम फुटबॉल यंत्रणांपैकी एक असलेल्या देशाने तो घडवला, दीड लाखांच्या बेटाने त्याला नाव आणि जर्सी दिली. अपूर्णांकात अंश नेदरलँड्सचा घ्यायचा आणि छेद कुरासाओचा, असे केल्यावर उत्तर थक्क करणारे येणारच.

सव्वापाच लाख लोकसंख्येचा केप व्हर्डेही यंदा पहिल्यांदा विश्वचषकात आहे. त्यांचा बचावपटू रॉबर्टो लोपेस डब्लिनमध्ये जन्मलेला. त्याला राष्ट्रीय संघाचे बोलावणे लिंक्डइनवर आले, तेही पोर्तुगीज भाषेत. हा काहीतरी फसवा मेसेज असेल म्हणून त्याने नऊ महिने उत्तरच दिले नाही. नोकरीसाठी लिंक्डइन उघडून बसणाऱ्या आमच्या बॅचमधल्या कोणाचे नशीब असे उघडल्याचे ऐकिवात नाही.

भारताला हा मार्ग का नाही?

भारत दुहेरी नागरिकत्व मान्य करत नाही आणि राष्ट्रीय संघातून खेळायला भारतीय पासपोर्टच लागतो. जपानमध्ये जन्मलेला अराता इझुमी पुणे एफसीकडून खेळायचा. वडील भारतीय असूनही त्याला जपानी नागरिकत्व सोडावे लागले, तेव्हा २०१३ मध्ये तो भारताकडून खेळला. त्यानंतर थेट आता रायन विल्यम्स. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, आईचे जन्मगाव मुंबई. त्याने ऑस्ट्रेलियाचा पासपोर्ट सोडून भारतीय पासपोर्ट घेतला, संघाबरोबर ढाक्यालाही गेला, पण कागदपत्रांची पूर्तता वेळेत न झाल्याने खेळू शकला नाही. समोर बांगलादेशच्या संघात होता हमझा चौधरी. इंग्लंडमध्ये जन्मलेला, लेस्टर सिटीचा खेळाडू.

कुरासाओ आणि भारत एकदा समोरासमोर आले आहेत. ५ जून २०१९, थायलंडमधली किंग्ज कप स्पर्धा. कुरासाओ ३-१ ने जिंकला. भारताचा एकमेव गोल सुनील छेत्रीचा, पेनल्टीवर. तो त्याचा १०८वा आंतरराष्ट्रीय सामना होता आणि त्या दिवशी त्याने बायचुंग भुतियाचा विक्रम मागे टाकला. बातम्या छेत्रीच्याच झाल्या. हा समोरचा कोण, हे बहुतेकांनी तेव्हा नकाशात शोधलेही नव्हते.

लोकसंख्या जास्त म्हणजे संघ चांगला?

जगातले सर्वाधिक लोकसंख्येचे दहा देश घ्या : भारत, चीन, अमेरिका, इंडोनेशिया, पाकिस्तान, नायजेरिया, ब्राझील, बांगलादेश, रशिया, इथिओपिया. यांत पुरुषांचा विश्वचषक जिंकणारा एकच, ब्राझील. चार देश तर मुख्य स्पर्धेत कधी खेळलेच नाहीत. चीन एकदाच, २००२ मध्ये पोहोचला. तीन सामने, तीन पराभव, नऊ गोल खाल्ले, मारला एकही नाही. इंडोनेशिया १९३८ मध्ये डच ईस्ट इंडीज या नावाने एकच सामना खेळला आणि हंगेरीकडून ०-६ हरला.

दुसऱ्या टोकाला उरुग्वे. १९५० मध्ये रिओच्या माराकाना मैदानावर ब्राझीलला २-१ असे रडवून त्यांनी दुसऱ्यांदा विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या देशाची लोकसंख्या होती साधारण २२ लाख. बीड जिल्ह्याची २०११ची लोकसंख्या आहे २५ लाख ८५ हजार.

त्याच १९५०च्या विश्वचषकात भारतालाही जागा मिळाली होती. अनवाणी खेळायला फिफाने बंदी घातली म्हणून आपण गेलो नाही, ही गोष्ट आजही दर चार वर्षांनी व्हॉट्सॲपवर फिरते. बोटीचा लांबचा प्रवास, खर्च, सरावाला कमी वेळ, संघनिवडीवरचे मतभेद आणि मुख्य म्हणजे ऑलिम्पिकपुढे विश्वचषकाला तेव्हा दिलेले दुय्यम महत्त्व, ही कारणे जास्त पटणारी आहेत. आणि ती जागाही मैदानावर मिळवलेली नव्हती. पात्रता गटातल्या इतर देशांनी माघार घेतल्याने एकही सामना न खेळता आपण पात्र ठरलो होतो. खरे कर्तृत्व त्यानंतरचे : १९५१ आणि १९६२ची आशियाई सुवर्णपदके, १९५६च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये चौथे स्थान. तिथे ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईच्या क्लब फुटबॉलमधला. ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारा तो पहिला आशियाई. ही गोष्ट मात्र फारशी कोणी फॉरवर्ड करत नाही.

योग्य तुलना कोणाशी?

कुरासाओशी तुलना करून आपण स्वतःला फसवतो. खरी टोचणारी तुलना देशातच आहे. २०११च्या जनगणनेनुसार मणिपूरची लोकसंख्या २८ लाख ५६ हजार. म्हणजे जवळपास बीड जिल्ह्याएवढीच.

२०१७ मध्ये १७ वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. त्यातल्या २१ जणांच्या भारतीय संघात मणिपूरचे आठ खेळाडू होते. फिफाच्या कोणत्याही स्पर्धेतला भारताचा पहिला गोल ९ ऑक्टोबर २०१७ रोजी दिल्लीत कोलंबियाविरुद्ध झाला, तोही मणिपूरच्या जॅक्सन सिंगचा. सव्वाअकरा कोटींच्या महाराष्ट्रातल्या मैदानांवर घडलेला त्या संघातला खेळाडू एकच, कोल्हापूरचा अनिकेत जाधव. आणखी एक मराठी आडनाव होते, नमित देशपांडे. जन्म मुंबईचा, पण वाढला अमेरिकेत, न्यू जर्सीत.

मणिपूरला पैसा जास्त नाही, मोठी शहरे नाहीत, गेली काही वर्षे तिथे शांतताही नाही. पण तिथे गावागावांत क्लब आहे आणि मुलाला सामने खेळायला मिळतात. माझ्यातल्या इंजिनिअरला इथेच उत्तर दिसते. अपूर्णांकात छेद म्हणून लोकसंख्या घ्यायचीच नाही. दहा-बारा वर्षांची किती मुले वर्षभर, दर आठवड्याला, कोचच्या नजरेखाली सामना खेळतात, तो आकडा घ्यायचा. आइसलँडने २००० नंतर बर्फात खेळता यावे म्हणून बंदिस्त मैदाने बांधली आणि लहान मुलांनाही पगारी, प्रशिक्षित कोच दिले. त्यांचा छेद साडेतीन लाखांचा कधी नव्हताच, तो खेळणाऱ्या मुलांचा होता.

बीडमध्ये हा आकडा किती भरेल?

शाळेच्या संघातून खेळणारा मुलगा तालुका किंवा जिल्हा शालेय स्पर्धेला जातो. या स्पर्धा बहुतेक बाद पद्धतीच्या. पहिलाच सामना हरला की वर्षाचा फुटबॉल संपला. ज्या वयात डच मुलगा वर्षाला ३०-४० सामने खेळतो, त्या वयात आपल्या मुलाच्या वाट्याला एक, फार तर दोन. दहावीला खेळाचे ग्रेस गुण मिळतात म्हणून नाव देणारेही त्यात असतात, आणि त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

२०१७च्या विश्वचषकाआधी, १५ सप्टेंबरला, राज्य सरकारने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम केला. राज्यभरातल्या शाळांना चेंडू वाटले. तो विश्वचषक प्रेक्षकसंख्येत १७ वर्षांखालील स्पर्धांमधला विक्रमी ठरला, १३ लाख ४७ हजार. पण माझ्या ओळखीच्या एका शाळेत त्या चेंडूची हवा महिनाभरात गेली, भरायला पिन नव्हती, आणि तो कपाटात गेला तो गेलाच. एक दिवस दहा लाख मुलांनी खेळण्याऐवजी दहा हजार मुलांनी शंभर दिवस खेळायला हवे होते. गुणाकार तोच येतो, पण खेळाडू दुसऱ्या हिशेबात घडतात.

बीडपुरता त्याहून अवघड प्रश्न वेगळा आहे. दिवाळी झाली की जिल्ह्यातून लाखो मजूर ऊसतोडीला जातात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायकोचा एक कोयता, आणि सांभाळायला घरी कोणी नसेल तर मुलेही टायरगाडीत. हे लिहितानाही आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी भागातली कितीतरी गावे अर्धी रिकामी आहेत. हंगामी वसतिगृहे आहेत, संत भगवानबाबा यांच्या नावाची शासकीय वसतिगृह योजनाही आहे. तरीही बरीच मुले कोपीवरच राहतात. ती मार्च-एप्रिलला परततात तेव्हा शाळेचे वर्ष संपत आलेले असते.

आणि ती जातात कुठे? अनेक जण कोल्हापूर जिल्ह्यात. राज्यात फुटबॉलचे सर्वात जास्त वेड असलेल्या मुलखात. तिथला फुटबॉल हंगामही साधारण याच महिन्यांत भरात येतो. पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम असा सामना असला की शाहू स्टेडियमवर बसायला जागा नसते. त्या गर्दीपासून काही किलोमीटरवर, कारखान्याच्या तळावर, बीडची दहा वर्षांची मुले पाचटात धाकट्या भावंडांना सांभाळत असतात. कुरासाओचे कुटुंब पोटासाठी नेदरलँड्सला गेले तेव्हा मुलाला शाळा मिळाली आणि जवळच क्लब मिळाला. आपल्या स्थलांतरात मुलाची गावातली शाळा तर सुटते, पण जिथे जातो तिथले मैदानही त्याचे होत नाही.

पायात दम नाही म्हणावे, तर समोर अविनाश साबळे आहे. आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा. शाळेसाठी रोज सहा किलोमीटर जाणारा हा मुलगा बारावीनंतर सैन्यात गेला, आणि तिथे वयाच्या विशीत त्याला पहिल्यांदा कोणीतरी धावपटू म्हणून पाहिले. पुढे राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, २०२३च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसचे सुवर्ण, पॅरिस ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत धाव. बीडचाच सचिन धस २०२४च्या १९ वर्षांखालील क्रिकेट विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात ९६ धावा करून गेला. पण धावणे विशीत सुरू करता येते. फुटबॉलमध्ये पायाला चेंडूची सवय दहा-बारा वर्षांपर्यंत लागावी लागते. विसाव्या वर्षी सैन्य, पोलीस भरती किंवा कोणतीही अकादमी ती भरून काढू शकत नाही.

आता पुढे काय?

देशातली अव्वल लीग, आयएसएल, डिसेंबर २०२५ पर्यंत सुरूच झालेली नव्हती. महासंघ आणि व्यावसायिक भागीदार यांच्यातला करार ८ डिसेंबरला संपला, आणि त्याआधी काढलेल्या निविदेला एकही बोली आली नाही. वरच्या मजल्यावर ही परिस्थिती असताना पटांगणावरच्या लीगसाठी पैसे कुठून येणार, असे कोणीही विचारेल. पण बाद पद्धतीऐवजी तालुक्यातल्या सहा शाळांची साखळी स्पर्धा घ्यायला प्रायोजक लागत नाही. चुन्याची पिशवी, शिट्टी आणि शनिवारची सकाळ लागते. हंगामी वसतिगृहातल्या मुलांचा संघ करायलाही वेगळी योजना नको, ती मुले संध्याकाळी तिथेच असतात. ऊस पट्ट्यातल्या तालमींनी तळावरच्या मुलांना आठवड्यातून एकदा मैदानावर बोलावणे अवघड आहे, पण अशक्य नाही. निदान कोणी करून पाहावे.

विश्वचषक ११ जूनला सुरू होईल. कुरासाओचा पहिला सामना १४ जूनला, रविवारी, ह्यूस्टनमध्ये जर्मनीशी आहे. भारतात तेव्हा रात्र असेल. ऊसतोडीच्या टोळ्या तोवर गावी परतलेल्या असतात, आणि शाळाही साधारण त्याच आठवड्यात उघडतात.